साथीच्या काळातल्या जुनाट जखमा

मार्च 2020 च्या शेवटच्या आठवड्यात देशातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयाला एक यादी करावी लागली. कोणती कामं चालू ठेवायची आणि कोणती पुढे ढकलायची? प्रसूती, अपघात, हृदयविकाराचा झटका, डायलिसिस यांना हात लावायचा नाही, हे उघड होतं. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचा सांधा बदलणं ही कामं दोन-चार महिने थांबली तरी चालतील, यावरही फारसं दुमत नव्हतं. खाटा मोकळ्या करायच्या होत्या, प्राणवायूची सोय वाढवायची होती, मास्क आणि हातमोजे पुरवून पुरवून वापरायचे होते. यादी घाईत झाली आणि त्या दिवसांत घाई करणं भागच होतं.

त्या यादीत रुग्णांचा एक मोठा गट चुकीच्या बाजूला गेला. मधुमेहामुळे तळपायाला पडलेली आणि महिनोनमहिने न भरणारी जखम, शिरा फुगून घोट्याजवळ झालेला व्रण, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडाजवळचा बेडसोअर, कुष्ठरोग बरा झाल्यावरही बधिर राहिलेल्या पावलाची जखम. ही माणसं दोन-तीन दिवसांनी, नाहीतर आठवड्याला ड्रेसिंगसाठी येणारी. त्यांना ताप नव्हता, धाप लागत नव्हती, अनेकांना तर जखमेच्या वेदनाही होत नव्हत्या. ‘सध्या येऊ नका, घरीच पट्टी करा’ असं त्यांच्यापैकी अनेकांना सांगितलं गेलं. अमेरिकेतही तेच झालं. अत्यावश्यक नसलेली कामं पुढे ढकलावीत, अशी शिफारस तिथल्या केंद्रीय आरोग्ययंत्रणेने मार्चमध्ये केली आणि कितीतरी जखम-उपचार केंद्रांची गणना त्याच सदरात झाली. जखमा भरणं हे अत्यावश्यक काम आहे, असं त्या क्षेत्रातल्या संघटनांना जाहीरपणे मांडावं लागलं.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ते का बरोबर होतं, हे कळायला जखमेत डोकावावं लागेल.

निरोगी माणसाला खरचटलं, कापलं की काही मिनिटांत रक्त गोठतं. मग पांढऱ्या पेशी येतात, जंतू आणि मेलेला भाग साफ करतात. तो भाग लाल, गरम आणि सुजलेला दिसतो तो याच कामामुळे. साफसफाई आटोपली की लालसर, दाणेदार नवं मांस धरू लागतं, कडेची त्वचा आत सरकत येते, आणि वरून जखम मिटली तरी आतला वण पुढे कित्येक महिने पक्का होत राहतो. जुनाट जखम दुसऱ्या टप्प्यावरच अडकते. साफसफाई संपतच नाही. पांढऱ्या पेशींतून सुटणारी प्रथिनं तोडणारी विकरं मेलेल्या मांसाबरोबर नवं मांसही खात राहतात. जंतू सुटे न राहता चिकट थर करून वस्ती करतात. या थराला बायोफिल्म म्हणतात आणि त्यात प्रतिजैविकांचा शिरकाव नीट होत नाही. म्हणून ड्रेसिंग रूममध्ये चिमटा आणि ब्लेड घेऊन तो थर, काळं-पिवळं मेलेलं मांस आणि कडेची टणक कातडी पुन्हा पुन्हा काढून टाकावी लागते. डॉक्टर ज्याला डिब्राइडमेंट म्हणतात ते हेच काम. आज काढलेला थर दोन-तीन दिवसांत पुन्हा धरू लागतो. घरी कितीही स्वच्छ पट्टी बांधली तरी हे काम पट्टीने होत नाही.

मधुमेही पायाची अडचण याहून मोठी. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की पायाच्या मज्जातंतूंची जाणीव जाते. चपलेत खडा शिरला, खिळा वर आला, गरम पाण्याच्या बादलीत पाय भाजला, तरी कळत नाही. दुसरीकडे पायाच्या रोहिण्या अरुंद होतात, त्यामुळे रक्त पुरेसं पोचत नाही. त्यात जंतुसंसर्ग झाला की तळपायाच्या आतल्या कप्प्यांतून पू स्नायुबंधांच्या कडेने वर चढतो. वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत हाडापर्यंत गेलेली असू शकते. आणि सगळ्यात घातक गोष्ट अशी की वेदना नसल्यामुळे माणूस त्या जखमेवरूनच चालत राहतो.

या जखमेला घड्याळ असतं, असं म्हटलं तर ते शब्दशः घ्यावं. 2003 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेही तळपायाच्या जखमा दर आठवड्याला मोजल्या गेल्या. पहिल्या चार आठवड्यांत ज्यांचं क्षेत्रफळ साधारण निम्म्याहून कमी झालं, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जखमा बारा आठवड्यांत पूर्ण भरल्या. ज्यांचं झालं नाही, त्यांतल्या जेमतेम 9 टक्के भरल्या. तेव्हापासून चार आठवडे हा या शास्त्रातला टप्पा मानला जातो. तोवर जखम पुरेशी आखडली नाही तर उपचार बदलायचे, रक्तपुरवठा तपासायचा, हाडाचा फोटो काढायचा. भारतातली टाळेबंदी 25 मार्चला सुरू झाली आणि चार टप्प्यांत 31 मेपर्यंत चालली. हे 68 दिवस झाले. इतक्या काळात जखमेची एक नव्हे, दोन वळणं येऊन जातात, आणि ती पाहणारं कुणी नसलं तर पुढचं सगळं रुग्णाच्या नशिबावर राहतं.

बधिर पायाची जखम कशी भरायची, हे जगाला मोठ्या प्रमाणावर भारतानेच शिकवलं आहे, आणि ते शिकवलं कुष्ठरुग्णांच्या पायांनी. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात 1914 साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोगात हातपाय आपोआप सडून झडतात, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. ब्रँड यांनी रुग्णांच्या रोजच्या जगण्यावर बारीक लक्ष ठेवलं आणि दाखवून दिलं की मांस सडत नाही, ते इजा होऊन झिजतं. वेदना नसल्यामुळे माणूस तापलेलं भांडं उचलतो, लंगडतच नाही, जखमेवर पूर्ण भार टाकतो. रात्रीत बोटं नाहीशी होण्यामागे तर उंदीर होते. झोपलेल्या रुग्णाची बधिर बोटं उंदीर कुरतडत आणि त्याला जाग येत नसे. उपाय म्हणून रुग्णांना मांजरं पाळायला दिली गेली. पावलाच्या जखमेवर ब्रँड यांचा भर होता तो पायाला घट्ट बसणाऱ्या प्लास्टरवर. भार सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो, जखमेवर दाब येत नाही आणि रुग्णाला ते काढताही येत नाही. 1966 मध्ये ते अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथून ही पद्धत मधुमेहतज्ज्ञांच्या हाती गेली. आजही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, रक्तपुरवठा ठीक असलेल्या तळपायाच्या अशा जखमेसाठी गुडघ्यापर्यंतचं, न काढता येणारं साधन हाच पहिला उपाय सांगितला आहे. महागड्या मलमांना तो मान मिळालेला नाही.

साथीत नेमकं हेच अवघड झालं. प्लास्टर ठरलेल्या दिवशी कापून, पाय तपासून, नवं घालावं लागतं. रुग्ण परत येईल याची खात्री नसेल तर ते घालणं धोक्याचं, कारण आत काय चाललं आहे ते दिसत नाही. त्यामुळे अशा वेळी प्लास्टर टाळून काढता येणारा बूट किंवा जाड फेल्टचा तुकडा जखमेभोवती चिकटवणं हा दुय्यम पर्याय पत्करावा लागतो, आणि रुग्ण तो बूट घरात काढून ठेवतोच. आपल्याकडे घरात चप्पल घालत नाहीत. माणूस दिवसभर घरात अडकला की दिवसभर अनवाणी चालतो, थंड फरशीवर, स्वयंपाकघरात, संडासाच्या वाटेवर.

मुंबईचं उदाहरण घ्या. परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचं नायर ही महापालिकेची मोठी रुग्णालयं. तिथल्या ओपीडीत केवळ बेटावरचे रुग्ण येत नाहीत. विरार, कल्याण, कर्जत, पनवेलहून लोकल पकडून येतात. 22 मार्चच्या रात्रीपासून लोकल बंद झाली. जूनच्या मध्यात ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, आणि सर्वसामान्यांना ठरावीक वेळांत प्रवास करता यायला फेब्रुवारी 2021 उजाडलं. एप्रिल 2020 मध्ये नायर रुग्णालय पूर्णपणे कोविडसाठी राखून ठेवलं गेलं. त्यामुळे ड्रेसिंग रूमचं दार उघडं असतं तरी तिथवर पोचायचं कसं, हा प्रश्न उरलाच होता. गावाकडे एसटी थांबली होती आणि आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर, आशाताई घरोघरच्या सर्वेक्षणात गुंतल्या होत्या. पायाच्या जखमेसाठी रिक्षा शोधून, पोलिसांना कागद दाखवून, ज्या इमारतीत कोविडचे रुग्ण आहेत तिथे जायचं, हा निर्णय साठीतल्या मधुमेही माणसाने घेतला नाही, तर त्याला दोष देता येत नाही. मधुमेह असलेल्यांनी घराबाहेर पडू नये, असंच तर सगळे सांगत होते.

याचा परिणाम काय झाला, हे इटलीतून लवकर कळलं, कारण तिथे साथ आधी पोचली होती. नेपल्स शहरातल्या विद्यापीठ रुग्णालयाने 2020 च्या पहिल्या पाच महिन्यांत मधुमेही पायासाठी दाखल झालेले रुग्ण आणि त्याआधीच्या वर्षी याच महिन्यांत दाखल झालेले रुग्ण यांची तुलना केली. साथीच्या वर्षी आलेल्या रुग्णांत गँगरीनचं प्रमाण कितीतरी जास्त होतं आणि पाय किंवा बोट कापावं लागण्याचा धोका तिपटीहून अधिक होता. रुग्णांची संख्या लहान होती, केंद्र एकच होतं, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा सगळीकडे लावू नये. पण दिशा स्पष्ट होती. माणसं कमी आली, आणि जी आली ती उशिरा आली.

पाय कापणं म्हणजे प्रश्न मिटणं, असा एक समज घरोघर आढळतो. आकडे वेगळं सांगतात. मधुमेही पायाला व्रण झालेल्या रुग्णांपैकी सुमारे 30 टक्के पाच वर्षांत दगावतात, आणि घोट्याच्या वर पाय कापावा लागला तर हे प्रमाण निम्म्याच्या पुढे जातं. सगळ्या कर्करोगांचा एकत्रित पाच वर्षांचा मृत्युदर पहिल्या आकड्याच्या आसपास येतो. कर्करोगाच्या रुग्णाला केमोथेरपी सहा महिने पुढे ढकला, असं सरसकट सांगायचं धाडस त्या काळात कुणी केलं नाही. तळपायाच्या जखमेबाबत मात्र ते सहज केलं गेलं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे. तेव्हा ही गोष्ट मूठभरांची नाही.

मग करायला काय हवं होतं? सगळ्यांना बोलावणंही शक्य नव्हतं. हॉलमध्ये दाटीने बसलेले साठ मधुमेही म्हणजे साथीला आमंत्रणच. वाट निघाली ती जखमांची प्रतवारी करण्यातून. अमेरिकेतल्या पायतज्ज्ञांच्या एका गटाने 2020 च्या वसंत ऋतूतच चार पायऱ्यांची वर्गवारी मांडली. ज्याला ताप, थंडी, पाय झपाट्याने सुजणं-काळा पडणं, त्वचेखाली हवा करकरणं किंवा अचानक रक्तपुरवठा तुटणं आहे, तो थेट रुग्णालयात, कोविड असो वा नसो. ज्याची जखम बिघडते आहे, हाडाला संसर्ग आहे, कोरडं गँगरीन आहे, तो मोठ्या रुग्णालयाच्या गर्दीबाहेरच्या बाह्यरुग्ण केंद्रात, तातडीने. ज्याची जखम सुधारते आहे, तो लहान दवाखान्यात, लांबच्या अंतराने. ज्याची जखम नुकतीच भरली आहे, तो घरी, फोनवर. या मांडणीत रुग्ण कोणत्या विभागाचा आहे, शस्त्रक्रिया ‘नियोजित’ आहे की ‘तातडीची’, हे महत्त्वाचं राहत नाही. पायाला किती धोका आहे, यावर जागा ठरते. मला या सगळ्या काळातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण ती करायला एका अनुभवी सिस्टरचं डोकं आणि फोन एवढंच लागतं.

लॉस एंजेलिस आणि मँचेस्टर इथल्या डॉक्टरांनीही 2020 मध्ये आपापले अनुभव एकत्र प्रसिद्ध केले. दोन शहरांच्या आरोग्यव्यवस्था अगदी वेगळ्या, तरी दोघांचा निष्कर्ष जवळपास सारखा होता. रुग्णालयाच्या भिंतीआतलं काम जमेल तितकं बाहेर न्या, पण पायाची सेवा बंद करू नका. आपल्याकडे चंडीगडच्या पीजीआय संस्थेतल्या मधुमेही पाय विभागाने फोन आणि व्हिडिओवरून रुग्णांची प्रतवारी केली, गरज असेल त्यांनाच बोलावलं, आणि पुढे परिणाम तपासले तेव्हा दुरून प्रतवारी केल्यामुळे पाय गमावण्याचं प्रमाण वाढल्याचं आढळलं नाही. नेपल्स आणि चंडीगड यांतला फरक विषाणूत नव्हता. एका ठिकाणी रुग्ण आपल्या हिशेबाने थांबले, दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी त्यांच्या जखमांवर नजर ठेवून होतं.

फोनवरून रुग्ण तपासायला भारतात तोवर नीट नियमच नव्हते. दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, 25 मार्च 2020 रोजी जाहीर झाली. पुढच्या महिन्यात सरकारची ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली. प्रत्यक्षात मात्र बहुतेक जखमा व्हॉट्सॲपवर पाहिल्या गेल्या. मुलाने किंवा सुनेने फोटो काढायचा, डॉक्टरांना पाठवायचा. हे काम करून घेण्यातही कौशल्य लागतं. फोटो पट्टी सोडल्यावर, जखम सलाईनने धुतल्यानंतर काढायचा. दिवसा, खिडकीजवळ. जखमेशेजारी मापपट्टी ठेवायची, नाहीतर मोठी झाली की लहान हे सांगताच येत नाही. एक फोटो जवळून, एक अख्ख्या पावलाचा. आणि काढून टाकलेली पट्टीही दाखवायची, कारण किती पाणी सुटतं आणि कोणत्या रंगाचं, ते पट्टीवर दिसतं.

तरीही फोटोला वास येत नाही. पायाची ऊब कळत नाही, घोट्याजवळची नाडी लागते का ते कळत नाही, बोथट सळई जखमेत घातली तर हाडाला टेकते का, हे कळत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर सुरुवातीची लाली फोटोत उठूनच दिसत नाही. म्हणून दुरून तपासणी हा चाळणीचा उपाय आहे. कुणाला आज बोलवायचं, एवढं तो सांगतो. त्याच्या जोरावर सगळ्यांना घरी ठेवणं ही फसगत होईल.

घरी पट्टी करायची तर पट्टीचं सामानही बदलावं लागलं. सरकारी रुग्णालयातली रूढ पद्धत म्हणजे रोज गॉज, सलाईन, बिटाडीन आणि रोलर बँडेज. रोज बदलायचं ड्रेसिंग म्हणजे रोज येणं. फोम, अल्जिनेट, चांदी असलेली ड्रेसिंग तीन ते सात दिवस ठेवता येतात, त्यांची किंमत मात्र अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असते. ओलसर राहिलेली जखम कोरड्या खपलीपेक्षा लवकर झाकली जाते, हे जॉर्ज विंटर यांनी 1962 साली डुकरांवरच्या प्रयोगांत दाखवलं, आणि महाग ड्रेसिंगचं सगळं शास्त्र त्यावर उभं आहे. तो परिणाम स्वस्तात मिळवण्याचे प्रयत्न मुंबईत पूर्वी झाले आहेत. भाजलेल्या जखमांसाठी वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींची ड्रेसिंग वापरली, आणि शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांची. ती ड्रेसिंग रुग्णालयात तयार झालेली, निर्जंतुक केलेली होती. मधुमेही पायावर घरच्या बटाट्याचा प्रयोग कुणी करू नये. पण स्वस्त, बरेच दिवस टिकणारी ड्रेसिंग आपल्याच प्रयोगशाळांत का तयार होत नाहीत, हा प्रश्न साथ ओसरल्यावरही तसाच पडून आहे, याची मला खंत वाटते.

घरी काय करू नये, हेही सांगावं लागतं. हळद, राख, तंबाखू, कोरफड जखमेत भरू नये. हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसतं म्हणून साफ होतं असं वाटतं, पण ते नव्या पेशींनाही मारतं. बधिर पाय गरम पाण्यात बुडवू नये. आनंदवनापासून वडाळ्याच्या ॲक्वर्थ रुग्णालयापर्यंत कुष्ठरोगाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी बधिर पावलाची जी निगा रुजवली, ती इथे कामाला येते. जखम नसलेले कोरडे पाय रोज साध्या पाण्यात थोडा वेळ भिजवायचे, जाड झालेली कातडी हलक्या हाताने घासायची, पाय ओलसर असतानाच तेल लावायचं, पावलाचा तळ आरशात पाहायचा, आणि मऊ रबराच्या तळाची एमसीआर चप्पल घरातही घालायची. याला डॉक्टर लागत नाही, वीज लागत नाही, लोकल लागत नाही.

हे सगळं झालं बाहेरून येणाऱ्या जखमांबद्दल. कोविडच्या वॉर्डात नव्या जुनाट जखमा तयारही होत होत्या, आणि त्यांच्याबद्दल फारच कमी बोललं गेलं.

फुप्फुसं निकामी होत चाललेल्या रुग्णाला दिवसाकाठी 12 ते 16 तास पालथं झोपवलं की रक्तातला प्राणवायू वाढतो. हा उपाय साथीच्या आधीच, 2013 च्या एका मोठ्या फ्रेंच चाचणीने पक्का झाला होता. पण पालथ्या माणसाचं वजन पाठीऐवजी गाल, हनुवटी, कपाळ, छाती आणि गुडघ्यांवर येतं. या जागांना असा भार सोसायची सवय नसते. त्यात रक्तदाब टिकवण्याची औषधं त्वचेचा रक्तपुरवठा कमी करतात, रक्तात प्राणवायू आधीच कमी, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याची या आजाराची प्रवृत्ती, आणि भुलीमुळे रुग्ण स्वतः हलू शकत नाही. नळी धरून ठेवणारी चिकटपट्टी ओठाच्या कोपऱ्यात रुतते. घट्ट बसवलेला प्राणवायूचा मास्क नाकाच्या हाडावर रुतून बसतो. काही तासांतच तिथली कातडी काळसर-जांभळी होते, आणि वाचलेला माणूस घरी जातो तो गालावरची किंवा माकडहाडाची जखम घेऊन.

यावरचे उपाय साधे आहेत. पालथं करण्याआधी गाल, हनुवटी, गुडघ्यांवर फोमची पातळ ड्रेसिंग लावायची, दर दोन तासांनी मान एका बाजूकडून दुसरीकडे वळवायची, हात पोहणाऱ्यासारखे आळीपाळीने वर-खाली ठेवायचे, डोक्याखाली दाब वाटणारी उशी ठेवायची, पाठीवर झोपवलेल्या रुग्णाच्या टाचा अधांतरी राहतील असं पाहायचं. पण एका पालथ्या रुग्णाला वळवायला चार-पाच माणसं लागतात, आणि पीपीई घातलेली, चष्म्यावर वाफ धरलेली एक सिस्टर दहा रुग्ण सांभाळत असेल तर दर दोन तास पाळणं तिच्या हातात राहत नाही. त्या सिस्टरच्या स्वतःच्या नाकावरही एन-95 ने जखम झालेली असे.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, जी परदेशी लिखाणात सापडणार नाही. आपल्या सरकारी रुग्णालयांत रुग्णाला कुशीवर वळवणं, अंग पुसणं, ओली चादर बदलणं, पाठीला पावडर लावणं ही कामं प्रत्यक्षात नातेवाईक करतात. आई, बायको, भाऊ खाटेखाली सतरंजी टाकून राहतात. कोविड वॉर्डात त्यांना प्रवेश नव्हता, आणि संसर्गाचा विचार करता तो देताही येत नव्हता. पण त्यांच्याबरोबर वॉर्डातले निम्मे हात गेले, आणि त्या हातांची भरपाई कुणी हिशेबात धरली नाही. व्हेंटिलेटर मोजले गेले, खाटा मोजल्या गेल्या, वळवणारे हात मोजले गेले नाहीत.

उपचारांनीही जखमांना अडथळा आणला. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांना रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्याने जीव वाचतात. ते औषध देणं योग्यच होतं. पण स्टेरॉइड साखर वाढवतं आणि जखम भरण्याचं काम मंदावतं. गरजेपेक्षा जास्त, जास्त दिवस आणि साखरेकडे न पाहता ते दिलं गेलं तिथे दुसरी लाट ओसरताना म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गाने डोकं वर काढलं. महाराष्ट्र त्यात सर्वाधिक पोळलेल्या राज्यांपैकी एक होता. वरचा जबडा, टाळू, कधी डोळा काढावा लागलेल्या त्या रुग्णांना पुढे कित्येक महिने तोंडातल्या आणि चेहऱ्याच्या पोकळीची ड्रेसिंग करून घ्यावी लागली. त्यांच्या वाट्याला आलेल्या जखमाही याच प्रकरणातल्या आहेत.

पुढची साथ कधी येईल ते ठाऊक नाही, पण तिच्या आराखड्यात काय हवं ते ठाऊक आहे. ड्रेसिंग रूम डायलिसिसच्या शेजारच्या रकान्यात असायला हवी, आणि तिला साथीच्या रुग्णांच्या वाटेपासून वेगळं दार हवं. गर्दीच्या इमारतीत शक्य नसेल तर ती महापालिकेच्या दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात हलवावी, आणि रुग्णांना वेळ ठरवून, थोड्या-थोड्या संख्येने बोलवावं. संशयित रुग्णाची पट्टी सगळ्यात शेवटी, वेगळ्या ट्रॉलीवर, आणि त्याचा कचरा दुहेरी पिशवीत. ड्रेसर आणि जखमा सांभाळणाऱ्या सिस्टर यांना उचलून दुसऱ्या वॉर्डात पाठवू नये. त्यांचं कसब आठवड्याभरात दुसऱ्याला शिकवता येत नाही. प्रत्येक रुग्णाचा फोन नंबर केसपेपरवर असावा, आणि जो ठरलेल्या दिवशी आला नाही त्याला त्याच दिवशी फोन जावा. अतिदक्षता विभागात रुग्णांना वळवण्यासाठी स्वतंत्र माणसं नेमावीत. यातलं काहीही यंत्रावर अवलंबून नाही, म्हणूनच त्याची टेंडरं निघत नाहीत आणि त्याचा पाठपुरावा करणारंही कुणी नसतं. तो आपण करायला हवा.

आणि ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांच्यासाठी, साथ असो वा नसो. जखमेभोवतीची लाली बोटभर पसरली, पाय एकाएकी सुजला, बोट काळं-निळं पडलं, पट्टीला घाण वास येऊ लागला, थंडी वाजून ताप आला, किंवा घरच्या औषधांवर साखर अचानक चढीच राहू लागली, तर पुढच्या ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका, फोटो पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि पट्टी सोडून पाय दाखवा.